पिण्याचे पाणी, कारखान्यांची रसायने आणि आपण

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त आलेल्या आपल्यापैकी अनेकांचे आईवडील किंवा हप्त्यांवर घेतलेला फ्लॅट कल्याण-डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यात आहे. इथेही कारखाने, तिथेही कारखाने. म्हणून दोन्हीकडच्या पाण्याची ही हकिकत.

सोहारजवळच्या लसैल येथे १९८०च्या दशकात तांब्याच्या खनिजावर प्रक्रिया करण्यासाठी समुद्राचे पाणी वापरले गेले. उरलेला गाळ बांधाआड साठवला. त्यातील क्षार जमिनीत मुरले आणि वादी सूकचे भूजल खारावले.

तिकडे उल्हास नदीतून लाखो लोकांना पिण्याचे पाणी मिळते. त्या नदीत व वालधुनीत कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी मिसळत होते. ‘वनशक्ती’ ही संस्था राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०१५ साली लवादाच्या पुणे खंडपीठाने दोषी धरलेल्या संस्थांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. ही दाद सरकारी खात्याने मागितली नव्हती, नागरिकांच्या संस्थेने मागितली होती.

अमेरिकेतही असेच घडले. जानेवारी २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एका टाकीतून रसायन गळून एल्क नदीत गेले. सुमारे ३ लाख लोकांना नळाचे पाणी वापरू नका, असे सांगावे लागले. लोकांच्या रेट्यामुळे दोनच महिन्यांत टाक्यांच्या तपासणीचा कायदा झाला. पण पुढच्याच वर्षी तो सैल करण्यात आला. लोकांचे लक्ष हटले की नियमही ढिले पडतात.

माझे काम संगणकाचे. आमच्या धंद्यात वापरणाऱ्याने तक्रार नोंदवली नाही, तर दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो. पाण्याचेही तेच आहे. वाचकांनी या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. पाणी उकळल्याने जंतू मरतात. क्षार व जड धातू जात नाहीत. वास किंवा रंग बदलला तर पाणी वापरणे थांबवून तपासून घ्यावे.

२. तपासणीचा अहवाल, डॉक्टरांचे कागद, टँकरची बिले तारखेनिशी जपावीत. भारतात हरित लवादाकडे भरपाईचा अर्ज साधारणपणे ५ वर्षांच्या आत करावा लागतो. वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते.

३. भारतात ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, त्यांची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. स्थानिक बाधितांना तिथे बोलता येते; ज्यांचा सबळ संबंध आहे त्यांना लेखी मत पाठवता येते. घरमालक सोहारमध्ये असला तरी पत्र पाठवू शकतो.

४. ओमानमध्ये २०२० साली स्थापन झालेल्या पर्यावरण प्राधिकरणाकडे तक्रार करता येते.

पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर घराची कागदपत्रे पाहाल, तेव्हा नळाच्या पाण्याचा अहवालही मागा.