डिस्क भरली, तीही मंगळावर

लोणारचं पाणी खारं आहे आणि 2020 साली ते गुलाबी झालं होतं, एवढं पर्यटकांना माहीत असतं. भूवैज्ञानिक तिथे येतात ते काळ्या बेसाल्ट खडकासाठी. बेसाल्टवर उल्का आदळून झालेली विवरं पृथ्वीवर मोजकीच. बुलढाणा जिल्ह्यातलं हे त्यांपैकी सर्वांत चांगलं टिकलेलं. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच, त्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला लोणार उपयोगी पडतं.

जानेवारी 2004 मध्ये नासाची ‘स्पिरिट’ गाडी मंगळावर गुसेव्ह विवरात ‘ॲडिरॉन्डॅक’ नावाच्या खडकापाशी उभी होती. (तोही बेसाल्टच निघाला.) मंगळावरचा तिचा अठरावा दिवस होता. 21 जानेवारीला तिचं बोलणं तुटलं. कधी नुसता संकेत यायचा, कधी अर्थहीन आकडे. रात्री झोपायच्या वेळीही ती जागीच राहायची आणि बॅटरी उतरत जायची. तिचा संगणक सुरू होई, अडखळे आणि पुन्हा सुरू होई. असं साठाहून जास्त वेळा झालं.

गाडीत 256 एमबी फ्लॅश मेमरी होती आणि 128 एमबी रॅम. सात महिन्यांच्या प्रवासात आणि उतरल्यावर फ्लॅशमध्ये फायलींचा ढीग साचला होता. खरं तर फ्लॅश काठोकाठ भरलीच नव्हती. पण सुरू होताना संगणक सगळ्या फायलींची यादी रॅममध्ये उतरवून घ्यायचा, आणि त्या यादीसाठी नेमून दिलेली रॅम अपुरी पडली. खामगावच्या गोदामात कापसाला जागा असावी, पण आवक-जावकेची वही उघडायला टेबल पुरू नये, तसं. यादी मावली नाही की काम थांबे, काम थांबलं की संगणक स्वतःला नव्याने सुरू करी, आणि परत तीच यादी समोर येई.

अभियंत्यांनी आज्ञा धाडली: फ्लॅशकडे बघू नकोस, नुसत्या रॅमवर सुरू हो. गाडी शांत झाली. मग जुन्या फायली पुसल्या, हवी ती माहिती पृथ्वीवर उतरवून घेतली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश फॉरमॅट केली. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही गाडी मार्च 2010 पर्यंत बोलत राहिली.

मेहकर किंवा चिखलीच्या एखाद्या सेवा केंद्रातल्या संगणकाचं दुखणं याहून फार वेगळं नसतं. सातबारे, दाखले, आधारच्या प्रती स्कॅन होत राहतात आणि एक दिवस सी ड्राइव्ह लाल होतो. विंडोजला सुरू होतानाही लिहायला जागा लागते: पेजफाइल, नोंदी, तात्पुरत्या फायली, अर्धवट उलगडलेला अपडेट. ती मिळाली नाही तर पडद्यावर चाक फिरत राहतं. अशा वेळी ‘फॉरमॅट मारू’ हा सल्ला लगेच मिळतो. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. नासानेही फॉरमॅट मारलाच, पण माहिती काढून घेतल्यावर.

आधी बंद-चालू करणं थांबवावं. दुसऱ्या संगणकावर उबंटूसारखी लिनक्स पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि अडलेला संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. म्हणजे आतल्या विंडोजला जागं करायची गरज उरत नाही. ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की लागेल. फायली दिसू लागल्या की कामाच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात, मग डाउनलोड्स आणि टेम्प रिकामे करावेत. ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरमध्ये अंदाजाने काही पुसू नये. काही जीबी मोकळे झाले की बहुतेक वेळा संगणक नेहमीसारखा उघडतो.

या अडचणीची सोय काही प्रणालींनी आधीच करून ठेवली आहे. लिनक्सची एक्स्ट-४ ही फाइलव्यवस्था मुळातच पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखते. विंडोज 10 मध्ये 2019 पासून नव्या संगणकांवर सुमारे 7 जीबी जागा अशीच बाजूला ठेवली जाते. जुन्या विंडोजवरून अपग्रेड होत आलेल्या संगणकात मात्र ती आपोआप मिळेलच असं नाही. तिथे जागा आपणच मोकळी ठेवायची.