नदीकाठच्या बागेत पुरालाही जागा हवी

नदीकाठी बाग म्हटली की आधी काँक्रीटची भिंत आठवते. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानाने उलटी वाट धरली. कल्लांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीट कालवा फोडून तिथे ३.२ किलोमीटरचा वळणदार प्रवाह केला. २०१२मध्ये तो खुला झाला. एरवी जिथे मुलं खेळतात, ते गवत मुसळधार पावसात नदीचं पात्र होतं. मग धोका नाही का? आहे, म्हणूनच पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं, भोंगे आणि इशारा-दिवे बसवलेत. मातीचे काठ खचतील, ही शंकाही रास्त. पण दगड आणि माती धरून ठेवणाऱ्या मुळांची झाडं वापरून काठ पक्के केलेत. पुण्याच्या मुळा-मुठा नद्यांत धरणांचं पाणी सुटतं, त्यामुळे तिथे याची हुबेहूब नक्कल चालणार नाही, हे मान्य. पण पूर जितका मोठा, तितकं पात्र रुंदच हवं. भिंती घालून ते आवळणं परवडणारं नाही.