शेवटचा पोचेपर्यंत घड्याळ चालूच!

तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जोरात कोण पळतं, हे तुम्हाला पाठ असेल. शाळेच्या स्पोर्ट्‌स डेलाच त्याचा निकाल लागलेला असतो. पण सगळ्यात आधी दमतं कोण? आणि दमल्यावर ती व्यक्ती तसं सांगते, की दात-ओठ खाऊन गप्प राहते? अ‍ॅडव्हेंचर रेसिंग नावाच्या खेळात उतरायचं असेल, तर आधी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधा. कारण इथे टीमचा वेळ धरतात तो शेवटचा मेंबर पोचल्यावर. तुमच्यातला एक जण तासभर आधी येऊन टाळ्या घेऊन गेला, तरी त्याचा उपयोग शून्य. मोठ्या रेसमध्ये तर त्याला एवढं पुढे जायलाच मनाई असते. टीमने एकमेकांच्या आसपास राहायचं आणि प्रत्येक चेकपॉइंटवर सगळ्यांनी मिळूनच हजेरी लावायची.

चालणं, पळणं, सायकल, होडी, दोरावरून उतरणं, हे सगळं एकाच रेसमध्ये येतं. हातात नकाशा आणि होकायंत्र. छोटी रेस काही तासांत संपते, मोठी आठवडाभर चालते. रात्री घड्याळ थांबत नाही, त्यामुळे झोपायचं कधी आणि किती, हे टीमनेच ठरवायचं.

पुण्यात २००३पासून

या प्रकाराची मोठी सुरुवात झाली १९८९मध्ये न्यूझीलंडला. एका फ्रेंच पत्रकाराच्या डोक्यातून निघालेली ही रेस होती, नाव 'रेड गॉलवाज'. तुमच्यापैकी अनेकांनी ओटीटीवर २०२०मध्ये आलेली 'वर्ल्ड्‌स टफेस्ट रेस' बघितली असेल. फिजी बेटांवर २०१९मध्ये झालेल्या त्या इको-चॅलेंजमध्ये ३० देशांच्या ६६ टीम होत्या, अंतर ६७१ किलोमीटर आणि हातात ११ दिवस. २०१३मध्ये एव्हरेस्ट सर करणाऱ्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या बहिणी त्यात भारतातली 'खुखुरी वॉरियर्स' टीम घेऊन उतरल्या होत्या. तिथला नियम कडक होता. चौघांपैकी एकाने जरी रेस सोडली, तरी अख्खी टीम बाद.

आपल्याकडे हा खेळ रुजवला पुण्याच्या 'एन्ड्युरो-३' या स्पर्धेने. नॅशनल एज्युकेशन फाउंडेशनने २००३मध्ये ती सुरू केली. नावातला '३' म्हणजे तिघांची टीम. सह्याद्रीत सायकलिंग, ट्रेकिंग, नदी ओलांडणं आणि जोडीला रायफल शूटिंग. धापा टाकत आल्यावर बंदूक स्थिर धरायची, हीच खरी परीक्षा. कॉलेजच्या पोरांपासून ऑफिसात बसणाऱ्यांपर्यंत अनेकांना रेसिंगची पहिली चव इथेच मिळाली.

रेस कागदावरची, जागा मात्र खरी

पुणं ठीक आहे, पण कोकणातल्या वाचकाने काय करायचं? चला, आपण एक रेस कागदावर आखू. ठिकाण आंजर्ले, तालुका दापोली. तिथी अमावास्या. टीम तुमची, तिघांची.

पहाटे सहाला किनाऱ्यावरून स्टार्ट. अमावास्येला इथे पूर्ण भरती दुपारी बाराच्या आधीमागे येते, म्हणजे पहाटे सहाला पाणी पार खाली. ओली वाळू टणक असते, पळायला मजा येते. मग चढ, थेट कड्यावरच्या गणपतीपर्यंत. वरून हर्णैचा सुवर्णदुर्ग दिसतो. फोटो काढायला एक मिनिट, जास्त नाही! तिथून सायकल. पाडले, आडे करत केळशी आणि परत. रस्ता समुद्राच्या कडेने असला तरी सपाट समजू नका. कोकणातला रस्ता खाडीला उतरतो आणि सड्याला चढतो, मधलं काही नसतं.

परत आलात की जोग नदीच्या खाडीत होडी वल्हवत आत जायचंय. रेसचा निकाल इथे लागतो. दहाला पोचलात, तर भरतीचं पाणी तुम्हाला स्वतःच आत ढकलतं. एकला पोचलात, तर ओहोटी लागलेली. तीच खाडी, तेच वल्हं, पण आता प्रत्येक हात पाण्याच्या विरुद्ध. आणखी उशीर झाला की काठाशी चिखल उघडा पडतो आणि होडी तिवरांच्या मुळांत अडकते. सायकलवर वाचवलेली दहा मिनिटं इथे तासाने परत जातात.

ही वेळ काढायला अ‍ॅप लागत नाही. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे तो जमतो. पुण्याच्या टीमला हे वाचून शिकावं लागेल. तुमच्या घरी आजोबांना विचारलं की झालं. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल होण्याआधी हर्णैच्या बाजूने इकडे यायला होडीच लागायची. तेव्हा वेळ चुकली की माणूस काठावर बसून राहायचा.

दुपारनंतर जांभ्याचा सडा. सावली नाही, खुणा कमी, चहूबाजूंनी सारखंच दिसतं. नकाशा धरणाऱ्याची खरी कसोटी इथे. एखादा गडगा, एखादी पाणंद, खाली वहाळावरचा साकव एवढ्याच खुणांवर दिशा धरायची. आणि रात्री? रात्री किनाऱ्यावर यायचंच नाही. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं याच वाळूत अंडी घालायला येतात. हेडलॅम्प लावलेल्या टीमा तिथून पळवणारा आयोजक आंजर्ल्यात नकोच. रेसिंगमध्ये असा बंद टप्पा असतोच, त्याला 'डार्क झोन' म्हणतात. नदीचे धोकादायक भाग रात्री बंद ठेवतात, टीमने तिथे उजाडेपर्यंत थांबायचं. आपला डार्क झोन कासवांसाठी.

'मला जमतंय' हे सगळ्यात महाग वाक्य

आता या कागदावरच्या रेसमध्ये माणसं घाला. सड्यावर, दुपारी तीनला, तुमच्यातला एक मागे पडायला लागतो. तुम्ही विचारता, "ठीक आहेस ना?" उत्तर ठरलेलं, "हो, जमतंय." अर्ध्या तासाने तो बसतो. मग ओकारी, चक्कर, अर्धा-पाऊण तास सावली शोधण्यात. त्याने पहिल्यांदाच "बॅग घे रे माझी" म्हटलं असतं, तर टीमचा वेग थोडा कमी झाला असता, टीम थांबली नसती.

अनुभवी टीमा यावर सोपा उपाय करतात. ज्याच्यात त्या क्षणी दम जास्त, तो दुसऱ्याचं ओझं घेतो. काही टीम कमरेला ताणला जाणारा दोर बांधतात आणि पुढचा मागच्याला हलकेच ओढतो. सायकललाही असा दोर लावतात. बघणाऱ्याला वाटतं, मागचा कच्चा. पण रात्री दोनला हीच जोडी उलटी झालेली असते. दिवसभर पुढे असलेला पेंगतो आणि दुपारी ओढला गेलेला शांतपणे नकाशा वाचतो. अनेक रात्री जागलेल्या रेसर्सना झाडाच्या जागी माणूस दिसल्याचे किस्से या खेळात नेहमीचे आहेत. अशा वेळी "थांब, वीस मिनिटं झोपू" म्हणणारा एक जण लागतो आणि त्याचं ऐकणारे दोघं लागतात.

नाशिकच्या दोन भावांचं गणित

टीम म्हणजे नेहमी शेजारी-शेजारी असणंही नाही. 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सायकल रेस घ्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५मध्ये त्यात दोघांची टीम म्हणून उतरले. एक भूलतज्ज्ञ, दुसरा डेंटिस्ट. एक सायकलवर असताना दुसरा मागच्या गाडीत जमेल तेवढी विश्रांती घेणार, मग अदलाबदल. टीमसाठी मुदत नऊ दिवसांची. दोघांनी रेस पूर्ण केली ८ दिवस, १४ तास, ५५ मिनिटांत. ही रेस पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम ठरली.

आकडेमोड करून बघा. ताशी सरासरी २३ किलोमीटर, दिवसरात्र, वाळवंट आणि डोंगर धरून. शेवटी शिल्लक राहिले जेमतेम नऊ तास. म्हणजे रोज अदलाबदलीत, जेवणात, "अजून पाच मिनिटं" म्हणण्यात तासाभराहून थोडा जास्त वेळ गेला असता, तर रेस हातची गेली असती. दोघांपैकी कुणी आपल्या पाळीला उगाच ताणून सायकल मारली असती, तरी पुढच्या पाळीला त्याचा हप्ता भरावा लागला असता. दोन वर्षांनी, २०१७मध्ये, चार जणांची टीमही तिथे उतरली. नाशिकचे लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी त्याच वर्षी ती एकट्याने पूर्ण केली. गोकुलनाथ यांना आदल्या वर्षी ती अर्ध्यात सोडावी लागली होती.

मुलगी हवी, पण कशासाठी?

मोठ्या अ‍ॅडव्हेंचर रेसमध्ये टीम मिश्र असावी लागते, पुण्यातही मिश्र गट आहेत. मग फॉर्म भरायच्या आदल्या आठवड्यात मेसेज फिरतो, "एक मुलगी हवीय, कुणी आहे का?" असा मेसेज आला, तर मुलींनो, लगेच हो म्हणू नका. आधी विचारा, नकाशा कुणाकडे असणार? एकत्र प्रॅक्टिस किती वेळा झाली? आणि मुलांनो, नियमापुरती घेतलेली मेंबर रेसमध्ये परकीच राहते. दमली तरी तुम्हाला सांगणार नाही, आणि घड्याळ तर तिच्यासाठीही चालूच असतं. पहिल्या प्रॅक्टिसपासून जी सोबत आहे, ती सड्यावर हक्काने म्हणेल, "अरे, तू दिशा चुकतोयस."

सुरुवात करायचीय?

• महागडी सायकल नंतर. आधी दोन-तीन मित्र-मैत्रिणी आणि एक रविवार. सकाळी सायकल, लगेच उतरून चालणं, असे दोन प्रकार जोडून करा. सायकलवरून उतरल्यावर पाय कसे जड होतात, ते कळेल.

• सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. वेग तोच ठरवेल.

• दर तासाला प्रत्येकाने एक ते दहात सांगायचं, किती दमलोय. सहाच्या पुढे गेला की बॅग दुसऱ्याकडे. चर्चा नाही.

• नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठ जातं, ते भरून काढायला हवं. मीठ घातलेलं कोकम सरबत चालेल. ओले मोजे वेळेवर बदला, पायाचा फोड भल्याभल्यांना घरी पाठवतो.

• खाडीत किंवा समुद्रात लाइफ जॅकेट आणि जाणता स्थानिक माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही. रात्री रस्त्यावर पुढे-मागे दिवे हवेतच.

• निदान एक रात्र एकत्र चाला. झोप अनावर झालेली असताना कोण चिडतं, कोण गप्प होतं आणि कोण चहाचं सुचवतं, हे बघून घ्या.

टीमचं नाव, टी-शर्टचा रंग, इन्स्टा पेज हे सगळं त्या रात्रीनंतर ठरवा. दुसऱ्या दिवशीही तिघं एकमेकांशी बोलत असाल, तर बिनधास्त फॉर्म भरा!