सावली मोजण्याआधी ओल मोजावी

रोपवाटिकेत जाऊन ‘सावलीत येणारं काही द्या’ म्हटलं, की बहुतेक ठिकाणी ठरलेलीच रोपे पुढे येतात: नेचे, अँथुरियम, कॅलेथिया, डिफेनबेकिया. रोपे चांगली असतात आणि विकणाराही फसवत नसतो. तरीही बुलढाणा जिल्ह्यातल्या अंगणांत त्यातली बरीचशी एप्रिल येईतो पानांच्या कडा करपवून बसतात आणि सगळा दोष उन्हावर जातो. मला हा दोष चुकीच्या जागी दिलेला वाटतो. ही झाडे ज्या जंगलांतून आली, तिथे सावली आणि ओल एकत्र नांदतात. आपल्याकडे त्यांची फारकत झालेली आहे. वर्षाचा पाऊस साधारण सात-आठशे मिलिमीटर आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. पुढे आठ महिने हवा कोरडी होत जाते, आणि घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तिथल्या सावलीत ऊन नसते, पण वारा कोरडाच असतो. म्हणून सावलीसाठी झाड निवडताना उजेड किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की मे महिन्यात त्या जागी ओल कुठून येणार.

त्याआधी ती जागा मे महिन्यात सावलीत तरी असते का, हे पाहायला हवे. बुलढाणा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ दहा फूट पसरते. तो कोपरा थंड आणि ओलसर वाटतो. थंडीत बाग लावायची हौस येते ती नेमकी तिथेच. पण मार्चअखेरपासून सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्याच भिंतीवर येते. मेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. हिवाळ्यात सावलीचा म्हणून निवडलेला कोपरा ऐन उन्हाळ्यात उघडा पडतो तो असा. डोळ्यांवर यात भरवसा ठेवू नये, कारण ते अंधाराला आणि उजेडाला फार लवकर सरावतात. उघड्यावर दुपारी सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर घरातल्या खोलीत जेमतेम काहीशे, आणि दोन्ही ठिकाणी आपण आरामात वाचू शकतो. त्यापेक्षा हाताची सावली पाहावी. जमिनीवर हात धरल्यावर बोटे ठळक उमटली तर ते ऊनच. कडा पुसट दिसल्या तर अर्धी सावली, आणि हाताचा आकारच उमटला नाही तर दाट सावली. ही पाहणी डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा, दोन्ही वेळा सकाळ, दुपार आणि संध्याकाळी केली, की जागेचा खरा स्वभाव कळतो.

अर्धी सावली म्हणजे अपुरा उजेड, हा समज इथे टिकत नाही. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाकडचे शेतकरी भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी मिरची, टोमॅटोसारखी उन्हातली पिके मुद्दाम शेडनेटखाली घेतात. उजेड बराच अडवूनही पीक येते, कारण मुळात तो गरजेहून जास्त असतो. जाळी ऊन अडवते, वाऱ्याचा जोर मोडते आणि खाली ठिबक चालू असते. याच तिन्ही गोष्टी जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुडा पायथ्याला जुन्या काळापासून एकत्र जुळलेल्या आहेत. नागवेल आणि पानपिंपरी ही दोन्ही मिरीच्या कुळातली सावलीची पिके तिथे बारी समाजाने जपली. अशा मळ्यात आधी शेवरी-पांगाऱ्याच्या दाट ओळी उभ्या करतात. वेल त्यांच्याच खोडावर बांधतात आणि चहूबाजूंनी वारा अडवतात. पाणी थोडे पण वरचेवर देतात. पावसाळ्यात आभाळ भरून उजेड कमी झाला, की शेवरीच्या फांद्या छाटून तो आत घेतात. उन्हाळ्यात मात्र पाला राखतात. आत शिरले की बाहेरच्या शिवारातला फुफाटा जाणवेनासा होतो. इथली सावली केलेली असते आणि ऋतूप्रमाणे बदललेली असते. पाणी तुटले, तर तीच सावली शाबूत असूनही मळा बसतो.

अंगणात एवढा खटाटोप कोण करणार, ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच झाडांची निवड महत्त्वाची. बुलढाण्याहून खामगावला जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातले बोथ्याचे जंगल लागते. ते पानगळीचे आहे, म्हणजे ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच सागाची सावली नाहीशी झालेली असते. अशा जंगलाच्या तळाशी टिकणारी झाडे उन्हाळ्याशी झुंजत बसत नाहीत. कंद किंवा गड्डा जमिनीत ठेवून ती वरून नाहीशी होतात आणि पावसाबरोबर पाने काढतात. मुसळी, कळलावी, रानहळद यांचा हाच क्रम. बागेत हीच रीत हळद, आंबेहळद, सुरण आणि भुईचाफा यांनी पाळता येते. भुईचाफ्याचे तर विशेष असे, की उन्हाळ्याच्या शेवटी पानांआधीच जमिनीतून सुगंधी जांभळट-पांढरी फुले वर येतात. पावसाळाभर रुंद पाने सावलीतला उजेड गोळा करतात, आणि थंडीत सगळे वाळले की त्या जागेला पाणी द्यायचे कामच उरत नाही. चार-पाच महिने वाफा रिकामा दिसतो, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी मधून अडुळसा, कोरांटी, सर्पपर्णी असली चिवट सदाहरित झाडे लावावीत.

कडुनिंबाखाली काहीच येत नाही, असे ठामपणे सांगितले जाते आणि कारण म्हणून त्याच्या कडूपणाकडे बोट दाखवले जाते. पण त्याच झाडाखाली कुंडीत ठेवलेली अबोली भरभरून फुलते. वर सावली तीच, कुंडीत गळणारा पालाही तोच. फरक एवढाच, की कुंडीतल्या पाण्यात निंबाच्या मुळांचा वाटा नसतो. निंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडक्यात आटोपते आणि एप्रिलपर्यंत तो पुन्हा भरतो, म्हणून मेमधली त्याची सावली जिल्ह्यातल्या सर्वांत विश्वासू सावल्यांपैकी आहे. तिचा उपयोग कुंड्यांसाठी करावा आणि जमिनीत फक्त गुळवेल सोडावी. ती निंबावरच चढते, दुष्काळात पाने गाळून खोडातल्या साठ्यावर तगून राहते.

मग भरपूर पाणी घालून नेचेच का वाढवू नयेत? उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत हा सल्ला परवडणारा नाही, आणि परवडला तरी काळ्या जमिनीत तो उलटतो. सावलीत पाणी उडून जात नाही, चिकण मातीतून ते झिरपतही नाही, आणि मुळे कुजतात. मान टाकलेले झाड पाहून माणूस आणखी पाणी घालतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणी जितके जास्त घालावे, तितके क्षार मातीत साठतात आणि पानांची टोके तपकिरी होतात. ओल हवी असणारी झाडे न्हाणीच्या किंवा भांडी घासण्याच्या जागेशी लावायची जुनी पद्धत म्हणूनच शहाणपणाची होती. अळू, कर्दळ, केळ तिथे रोजच्या सांडपाण्यावर वाढत आणि वेगळे पाणी मागत नसत.

फुलांचा आग्रह धरणाऱ्यांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोगरा, गुलाब, जास्वंद दाट सावलीत जगतील, पण कळ्या धरणार नाहीत. पेरी लांबतील, फांद्या उजेडाकडे वाकतील. अर्ध्या सावलीत अबोली आणि तगर फुलतात, तेवढ्यावर समाधान मानावे. लावणीची वेळही थंडीतून काढून मेच्या अखेरीस आणावी. हळदीचे आणि भुईचाफ्याचे गड्डे तेव्हा शेणखत घातलेल्या उंच वाफ्यात चार बोटे खोल ठेवावेत, वर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा, आणि पहिला पाऊस लागेपर्यंत पाण्याला हात लावू नये.