पॅकेज राहू दे, हातात किती?

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कट्ट्यावर एकच प्रश्न, ‘किती लाखांचं पॅकेज?’ पण दोस्तांनो, हिंजवडी किंवा खराडीतल्या रूमचं भाडं पॅकेजमधून जात नाही. हातात पडणाऱ्या पगारातून जातं.

समजा, ३ लाख ६० हजारांची ऑफर आलीय. म्हणजे महिना ३० हजार? थांबा, हिशेब करू. बेसिक १५ हजार धरलं, तर त्याचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कंपनी पीएफमध्ये भरते. तेवढेच तुमच्या पगारातूनही कापले जातात. गंमत म्हणजे, कंपनीचा वाटाही बहुतेकदा पॅकेजमध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे ७२० च्या आसपास. ‘व्हेरिएबल’ दहा टक्के असेल, तर आणखी ३ हजार बाजूला. ते मिळणार कामगिरी बघून, नंतर. मुलांना व्यवसाय कराचे २०० रुपये. मुलींना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ. उरले साधारण साडेबावीस हजार!

पीएफ काही वाया जात नाही, ती तुमचीच बचत. पण महिन्याचं बजेट आखायचं ते हातातल्या रकमेवरच.

म्हणून सही ठोकण्याआधी एचआरला तीन गोष्टी बिनधास्त विचारा. इन-हँड किती? व्हेरिएबल कधी आणि कशावर? बाँड आहे का, असला तर किती वर्षांचा? पहिलीच नोकरी म्हणून संकोच नको. आपल्या घामाचा दाम विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

आणि मित्राचं पॅकेज ऐकून हिरमुसण्याआधी त्यालाही विचारा, ‘ते ठीक आहे रे, हातात किती?’