एल्फिन्स्टन : आडनावात नसलेला दगड

परळला उतरून पूल ओलांडणारे जुने मुंबईकर अजून ‘एल्फिस्टन’च म्हणतात; स्टेशनची पाटी २०१८ मध्येच ‘प्रभादेवी’ झाली. त्यांना हसणारे ‘एल्फिन-स्टोन’ अशी दुरुस्ती सुचवतात, आणि फसतात. या स्कॉटिश आडनावात दगड नाहीच. फोड ‘एल्फिन्स’ आणि ‘टन’ अशी. ‘टन’ म्हणजे शेतवाडी. आधीचा भाग बहुधा कुणा माणसाचं नाव. थोडक्यात, अमक्याची वाडी. ही वाडी एडिंबरोच्या पूर्वेला, ट्रॅनेंट गावाजवळ. आडनाव गावावरून आलं, आपल्या सातारकर-नगरकरांसारखं.

जर्मनीतल्या हेल्फेनस्टाइन घराण्यातला कुणी सरदार रॉबर्ट ब्रूसच्या काळात आला, त्याने जमिनीला आपलं नाव दिलं, अशी एक जुनी कहाणी सांगतात. ब्रूस गादीवर बसला १३०६ मध्ये. एल्फिन्स्टन हे नाव तेराव्या शतकाच्या मध्यावरच कागदपत्रांत आहे. वंशावळी रंगवणारे भाट तिकडेही होते म्हणायचे.

नाव जिथलं, तिथेच घराणं असेल ही समजूतही टिकत नाही. १४३५ मध्ये पायपरडीनच्या लढाईत घराण्याचा प्रमुख पडला आणि मूळ गाव मुलीबरोबर जॉन्स्टन घराण्यात गेलं. भाऊबंदांच्या वाट्याला आली स्टर्लिंगशरमधली एअर्थजवळची जमीन. त्यांनी काय करावं? त्या जमिनीलाच ‘एल्फिन्स्टन’ म्हणायला सुरुवात केली! इथे गावावरून आडनाव आणि आडनावावरून पुन्हा गाव. १५१० मध्ये लॉर्डपद मिळालं ते याच शाखेला.

आता मुंबईतला गैरसमज. कॉलेजवाला आणि स्टेशनवाला एल्फिन्स्टन एकच, असं सर्रास धरलं जातं. कॉलेज माउंटस्टुअर्टच्या नावाचं. खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात रेसिडेंट होता तोच. पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. त्याला ‘लॉर्ड’ लिहिणारी पुस्तकं आहेत, पण तो अकराव्या लॉर्डचा धाकटा मुलगा. पदवी थोरल्या भावाकडे गेली. खरा लॉर्ड, तेरावा, म्हणजे त्या भावाचा मुलगा जॉन. तो १८५३ ते १८६० गव्हर्नर होता आणि स्टेशनला नाव त्याचं होतं. काका-पुतण्यांचा घोळ आपल्याला नवा नाही, तेव्हा एवढं लक्षात ठेवा : कॉलेज काकाचं, स्टेशन पुतण्याचं.