विश्लेषण : शॉ, बेकेटच्या देशात नाटक जगते कशावर? आयर्लंडचा कलाकारांसाठीचा ‘मूलभूत उत्पन्ना’चा प्रयोग काय सांगतो?

पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ ज्या ‘पिग्मॅलिअन’वर बेतलेले आहे, त्याचे लेखक जॉर्ज बर्नार्ड शॉ मूळचे डब्लिनचे. ‘वेटिंग फॉर गोदो’ लिहिणारे सॅम्युअल बेकेटही तिथलेच. २०२२ च्या जनगणनेत जेमतेम ५१ लाख लोकसंख्या असलेल्या आयर्लंडने जागतिक रंगभूमीला दिलेल्या नावांची यादी मोठी आहे. मात्र त्यातल्या अनेकांना नाव मिळाले ते देशाबाहेर. नाटक करणाऱ्याला मायदेशातच पोट भरता यावे यासाठी तिथल्या सरकारने २०२२ पासून एक धाडसी प्रयोग केला. त्याचे काय झाले?

आयर्लंडचे नाटक सध्या चर्चेत का?

आयरिश नाटकांना परदेशात सध्या चांगले दिवस आहेत. जॉन मिलिंग्टन सिंग यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये रंगमंचावर आले. ‘ब्रिजर्टन’ आणि ‘डेरी गर्ल्स’ या मालिकांमुळे भारतातही ओळखीची झालेली निकोला कॉक्लन त्यात होती. त्याआधी कॉनर मॅकफर्सन यांचे ‘द वेअर’ ब्रेंडन ग्लीसन यांच्या भूमिकेसह डब्लिनमध्ये झाले आणि तिथून लंडनच्या वेस्ट एंडला गेले. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतील ‘मॅड-आय मूडी’ म्हणजेच हे ग्लीसन.

दुसरीकडे, डब्लिनमधील बहुतेक नट, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार एकेका नाटकापुरत्या करारावर काम करतात. एक नाटक संपले की दुसरे मिळेपर्यंत उत्पन्न नाही. त्यात डब्लिनची घरभाडी युरोपातील महागड्या शहरांच्या तोडीची. त्यामुळे चर्चेचा विषय नाटक चांगले होते की नाही हा नसून, ते करणारा टिकतो कसा, हा आहे.

अ‍ॅबी थिएटर इतके महत्त्वाचे का?

कवी डब्ल्यू. बी. येट्स, लेडी ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी उभे केलेले अ‍ॅबी थिएटर २७ डिसेंबर १९०४ रोजी डब्लिनमध्ये सुरू झाले. देश तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. आपली माणसे, आपली बोली आणि आपल्या कथा रंगमंचावर याव्यात, हा त्यामागचा हेतू होता. स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने १९२५ मध्ये या थिएटरला ८५० पौंडांचे अनुदान दिले. इंग्रजी भाषक जगात सरकारी अनुदान मिळवणारे हे पहिले नाट्यगृह मानले जाते.

या रंगमंचाचे भारताशीही नाते आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘डाकघर’चा इंग्रजी प्रयोग मे १९१३ मध्ये इथे झाला. टागोरांना नोबेल जाहीर झाले ते त्यानंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये.

मात्र ‘आपल्या कथा’ म्हणजे कोणत्या, यावर इथे सुरुवातीपासून भांडणे झाली. आपण बापाला मारले, असे सांगणाऱ्या तरुणाला गाव नायक करते, ही ‘प्लेबॉय’ची गोष्ट. १९०७ मध्ये हे नाटक आयरिश शेतकऱ्यांची बदनामी करते म्हणून प्रेक्षागृहात दंगा झाला. १९२६ मध्ये शॉन ओ’केसी यांच्या ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ने १९१६ च्या उठावाकडे वीरगाथा म्हणून न पाहता गरीब वस्तीच्या नजरेतून पाहिले. उठावात बळी गेलेल्यांच्या नातलग स्त्रियांनी त्याविरुद्ध निषेध केला आणि प्रयोगात गोंधळ झाला. आज ही दोन्ही नाटके देशाचा ठेवा मानली जातात.

मग नाटककार देश सोडून का गेले?

शॉ विसाव्या वर्षी, १८७६ मध्ये लंडनला गेले. ऑस्कर वाइल्ड यांची नाटकेही लंडनमध्येच गाजली. बेकेट पॅरिसमध्ये स्थायिक झाले आणि ‘गोदो’ १९५३ मध्ये तिथेच फ्रेंच भाषेत प्रथम रंगमंचावर आले. ओ’केसी यांनी १९२६ मध्ये लंडन गाठले. दोनच वर्षांनी अ‍ॅबीने त्यांचे नवे नाटक नाकारले आणि संबंध तुटले.

कारणे दोन. एक, छोट्या देशात प्रेक्षक आणि पैसा मर्यादित. दुसरे, धर्म आणि नीतीचा दबाव. १९५८ चा डब्लिन नाट्यमहोत्सव याचे ठळक उदाहरण. ओ’केसी यांचे नाटक आणि जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’चे रूपांतर महोत्सवात असल्याने डब्लिनच्या आर्चबिशपनी उद्घाटनाची प्रार्थनासभा नाकारली. वाद वाढत गेला, दोन्ही कलाकृती बाहेर पडल्या, निषेध म्हणून बेकेट यांनीही आपल्या कृती मागे घेतल्या. अखेर त्या वर्षीचा महोत्सवच बारगळला.

१९६४ च्या याच महोत्सवात ब्रायन फ्रील यांचे ‘फिलाडेल्फिया, हिअर आय कम!’ आले. विषय होता अमेरिकेला निघालेल्या तरुणाची गावातली शेवटची रात्र. देश सोडणे हा आयर्लंडच्या घराघरातला अनुभव होता आणि नाटक करणारे त्याला अपवाद नव्हते.

अलीकडचे वाद कोणते?

धार्मिक दबाव ओसरला, तसे प्रश्न बदलले. ‘कोणाला काम मिळते?’ हा आता मुख्य प्रश्न आहे. १९१६ च्या उठावाच्या शताब्दीसाठी अ‍ॅबीने २०१५ मध्ये दहा नाटके जाहीर केली. त्यांपैकी स्त्रीने लिहिलेले नाटक एकच होते. त्यातून ‘वेकिंग द फेमिनिस्ट्स’ ही चळवळ उभी राहिली. पुढच्या वर्षी अ‍ॅबीने लिंगसमानतेची तत्त्वे जाहीर केली. २०२१ मध्ये कलाविभागाची सूत्रे कॅट्रिओना मॅकलॉकलिन यांच्याकडे आली. लंडनमधील ‘प्लेबॉय’ त्यांनीच दिग्दर्शित केला.

जानेवारी २०१९ मध्ये तीनशेहून अधिक रंगकर्मींनी सांस्कृतिक मंत्र्यांना पत्र लिहिले. राष्ट्रीय नाट्यगृह स्वतः निर्मिती करण्याऐवजी इतर संस्थांसोबतच्या आणि बाहेरून आणलेल्या प्रयोगांवर अधिक भर देत असल्याने इथल्या कलाकारांचा रोजगार घटतो, अशी तक्रार त्यात होती.

डब्लिनबाहेर चित्र थोडे वेगळे आहे. गॉलवे शहरातील ‘ड्रुइड’ ही संस्था गॅरी हाइन्स यांनी सहकाऱ्यांसह १९७५ मध्ये सुरू केली. मार्टिन मॅकडोना यांचे तिथे जन्मलेले ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन’ ब्रॉडवेवर पोहोचले. १९९८ मध्ये नाटकाच्या दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळवणाऱ्या हाइन्स पहिल्या महिला ठरल्या. राजधानी न सोडता नव्हे, तर राजधानीपासून दूर राहूनही जगभर जाता येते, हे ‘ड्रुइड’ने दाखवले.

‘मूलभूत उत्पन्न’ योजना काय आहे?

करोनाकाळात नाट्यगृहे बंद पडली आणि करारावरच्या कलाकारांचे उत्पन्न थांबले. तेव्हा नेमलेल्या कृतिगटाने २०२० मध्ये कलाकारांना ठरावीक उत्पन्न देऊन पाहण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली. दोन हजार कलाकार आणि कलाक्षेत्रातील कर्मचाऱ्यांना दर आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षांसाठी. नऊ हजारांहून अधिक अर्ज आले आणि सुमारे ८,२०० पात्र ठरले.

योजनेचे वेगळेपण निवडीत आहे. कोणाची कला श्रेष्ठ, हे कोणत्याही समितीने ठरवले नाही. पात्र अर्जांतून सोडतीने नावे निघाली. पैसे कशावर खर्च करायचे, अमुक नाटक लिहायचेच, अशी अटही नव्हती. सोडतीत नाव न निघालेल्यांपैकी काहींना तुलनेसाठी अभ्यासात घेण्यात आले.

ही रक्कम चैनीची नव्हे. २०२५ मध्ये आयर्लंडमधील किमान वेतन तासाला साडेतेरा युरो होते. त्या हिशेबाने ३२५ युरो म्हणजे २४ तासांच्या कामाची मजुरी. घर चालण्यापुरती ती अपुरीच. पण दोन नाटकांमधल्या रिकाम्या काळात हॉटेलात वा दुकानात काम करण्याऐवजी लिहिण्याला किंवा तालमीला वेळ देणे त्यामुळे शक्य होते.

निष्कर्ष काय निघाले? आक्षेप कोणते?

लाभार्थींचा कलेसाठीचा वेळ वाढला आणि चिंता, नैराश्य कमी झाले, असे सरकारी अभ्यासात दिसले. सप्टेंबर २०२५ मधील खर्च-लाभ विश्लेषणानुसार खर्चाच्या प्रत्येक युरोमागे समाजाला १.३९ युरोचा लाभ झाला. हा आकडा जगभर गाजला. पण तो सावधपणे वाचायला हवा. त्यात कलाकारांच्या सुधारलेल्या मानसिक स्वास्थ्याचे पैशातील मूल्यही धरलेले आहे. म्हणजे तेवढी रक्कम तिजोरीत परत आली, असे नव्हे.

मुख्य आक्षेप सोडतीवर आहे. पात्र असूनही सहा हजारांहून अधिक जण बाहेर राहिले. एकाच नाटकातील एका नटाला आधार आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती त्यातून येऊ शकते. शिवाय व्यक्तीला उत्पन्न मिळाले, तरी नाट्यगृह, तालमीची जागा आणि निर्मितीचा खर्च यांचा प्रश्न सुटत नाही. तो भार कला परिषदेच्या अनुदानावर आहे. हे अनुदान २०२० मधील आठ कोटी युरोंवरून २०२५ मध्ये १४ कोटी युरोंवर गेले. मात्र परिषदेच्या फसलेल्या संगणक प्रकल्पात ५३ लाख युरो बुडाल्याचे २०२५ मध्ये उघड झाले आणि पैसा वाढला तरी तो कुठे जातो, हा प्रश्न तीव्र झाला.

पुढे रंगमंचावर काय?

२०२६ हे ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’चे शताब्दी वर्ष. नव्या नाटकांसाठी मात्र रसिकांचे लक्ष महोत्सवांकडे असते. जुलैमध्ये गॉलवे आंतरराष्ट्रीय कला महोत्सव, सप्टेंबरमध्ये प्रायोगिक नाटकांचा डब्लिन फ्रिंज आणि सप्टेंबरअखेरीपासून डब्लिन नाट्यमहोत्सव, असा हा क्रम आहे. २०२५ मध्ये मरीना कार यांची ‘द बॉय’ ही दोन भागांची मोठी निर्मिती अ‍ॅबीने याच नाट्यमहोत्सवात आणली होती.

प्रायोगिक योजनेची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंत वाढवण्यात आली होती. तिच्या जागी नवी योजना आणण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. ती किती जणांपर्यंत पोहोचते, यावर बरेच अवलंबून आहे. ‘प्लेबॉय’ किंवा ‘द वेअर’ लंडनला जाणारच. नव्या नाटककाराला मात्र पहिले नाटक लिहिण्यासाठी लंडन गाठावे लागते की डब्लिन आणि गॉलवेमध्ये राहूनही ते लिहिता येते, यावर या योजनेचे यश मोजले जाईल.